शब्दचर्चा : स्थलांतरित, निर्वासित, घुसखोर... पाश्चात्त्य देशांतल्या गुन्ह्यांच्या बातमीत नेमका कुठला शब्द?

डेस्कवाली

मी बातम्या मराठीत आणायचं काम करते आणि युरोप-अमेरिकेतल्या हल्ल्यांच्या बातम्या बऱ्याचदा माझ्याच टेबलावर येतात. एक गोष्ट सारखी खटकते म्हणून हा धागा. कुठेही चाकूहल्ला झाला की मथळ्यात 'निर्वासित' बसवून आपण मोकळे होतो. आता तीन घटना घ्या. जर्मनीत झोलिंगेनला 23 ऑगस्ट 2024 ला शहराच्या उत्सवात तिघांना भोसकून मारलं, हल्लेखोर सीरियन, आश्रय मागायला आलेला, युरोपीय संघात आधी जिथून शिरला तिथे परत, या नियमाप्रमाणे त्याला बल्गेरियात पाठवायचं ठरलं होतं पण पाठवलं गेलंच नाही. त्याच वर्षी डिसेंबरात माग्देबुर्गच्या ख्रिसमस बाजारात गाडी घातली तो सौदी डॉक्टर, 2006 पासून जर्मनीत, मानसोपचारतज्ज्ञ म्हणून नोकरी करणारा आणि उघडपणे इस्लामविरोधी लिहिणारा. आणि जुलै 2024 मध्ये इंग्लंडात साऊथपोर्टला तीन लहान मुलींना मारलं तो तर कार्डिफमध्येच जन्मलेला, आईवडील रवांडाचे. तिघांनाही एकच शब्द लावला की वाचकाला काहीच कळत नाही, उलट चुकीचं कळतं. कुणाला काय म्हणायचं, आणि 'आरोपी', 'संशयित', 'गुन्हेगार' यातलं काय कधी, यावर जाणकारांनी लिहावं ही विनंती.

वऱ्हाडी वकील

ताई, प्रश्न बरोबर विचारलात. 'निर्वासित' हा आपल्याकडे फाळणीनंतर घट्ट बसलेला शब्द. उल्हासनगरच्या छावण्या, सिंधी निर्वासित, त्यामुळे मराठी कानाला त्यात 'घरदार सोडून यावं लागलेला' एवढाच अर्थ लागतो. पण 1951 च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे निर्वासित हा दर्जा आहे आणि तो मिळावा लागतो. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट यावरून छळ होईल अशी रास्त भीती दाखवता आली पाहिजे. (भारताने त्या करारावर सहीच केलेली नाही, म्हणून आपल्या बोलण्यात हा फरक रुजला नसावा.) ज्याचा अर्ज अजून पडून आहे तो 'आश्रय मागणारा'. अर्ज फेटाळला तरी तिथेच राहिला तर 'अर्ज फेटाळलेला' असं सरळ लिहा, चार अक्षरं जास्त लागतात पण अख्खी बातमी त्याच्यातच असते. झोलिंगेननंतर जर्मनीत जो गदारोळ झाला तो मुख्यतः याच मुद्द्यावर, की परत पाठवायचं ठरलेला माणूस इथे होताच कसा. नुसतं 'निर्वासित' लिहिलं तर लोक नक्की कशावर चिडले तेच हरवतं.

दुसरं, 'बेकायदा राहणारा' म्हणजे 'गुन्हेगार' नव्हे. अमेरिकेत चोरून सीमा ओलांडणं हा फौजदारी गुन्हा आहे, पण व्हिसावर रीतसर येऊन मुदत संपल्यावर राहिलं तर तो दिवाणी स्वरूपाचा भंग, त्यासाठी परत पाठवतात, पण नुसत्या तेवढ्यासाठी फौजदारी खटला नाही. मराठीत आपण दोन्हीला 'बेकायदा' म्हणतो आणि बेकायदा म्हटलं की डोक्यात थेट गुन्हा येतो.

आता संशयित-आरोपी. आपल्या पानांवर 'संशयित आरोपी' असं जोडून लिहायची पद्धत पडलीय ती या विषयात फार नडते, कारण आकडेच मुळात वेगवेगळ्या टप्प्यांवरचे असतात. जर्मनीची दरवर्षीची पोलीस आकडेवारी संशयितांची असते, कोर्टात दोषी ठरलेल्यांची नाही. 2023 मध्ये संशयितांत जर्मन नागरिक नसलेले 41 टक्के होते. पण त्यात परकीय नागरिक कायद्याचे भंग धरलेले आहेत, म्हणजे परवान्याशिवाय राहणं वगैरे, जे जर्मन माणूस करूच शकत नाही. ते काढले की 34 टक्के. लोकसंख्येत त्यांचा वाटा साधारण 15 टक्के, म्हणजे ते काढूनही प्रमाण जास्तच राहतं आणि ते लपवायचं कारण नाही. फक्त त्यात पर्यटक आणि सीमेपलीकडून चोरीपुरते येणारे पण मोजलेले असतात हेही सांगा, आणि 'गुन्हेगारांपैकी 41 टक्के स्थलांतरित' असं लिहू नका. त्या एका वाक्यात तीन शब्द चुकलेले असतात: 'गुन्हेगार' नव्हे संशयित, 'स्थलांतरित' नव्हे जर्मन नागरिक नसलेले, आणि '41' मध्ये परवान्याचे भंगही धरलेले.

गोथेनबर्गवासी

मी स्वीडनमध्ये राहतो. वकीलसाहेबांचं पटलं पण एक सांगतो, शब्द मऊ करत करत मूळ गोष्टच गायब होते अशी भीती मला जास्त वाटते. इथे 2022 मध्ये गोळीबारांत साठहून जास्त माणसं मेली, एक कोटीच्या देशात. टोळ्यांचं भांडण, बॉम्ब, सोळा-सतरा वर्षांची पोरं पिस्तूल घेऊन दारात. माझ्या सोसायटीत जिन्याच्या दरवाज्याला नवीन जाड काच बसवली ती शेजारच्या इमारतीत स्फोट झाल्यावर, आणि मीटिंगमध्ये त्यावर अर्धा तास चर्चा झाली पण कोण करतंय हे एकाही माणसाने तोंडातून काढलं नाही. लोकांना ठाऊक असतं, फक्त बोलत नाहीत, आणि मग जो पक्ष बोलतो त्याला मतं जातात.

गुन्हे प्रतिबंधासाठीचं इथलं जे सरकारी मंडळ आहे, ब्रो म्हणतात त्याला, त्यांनी 2021 मध्ये अहवाल काढला. 2015 ते 2018 चा काळ. परदेशात जन्मलेल्यांची नोंद गुन्ह्यातला संशयित म्हणून व्हायचं प्रमाण, स्वीडनमध्ये स्वीडिश आईबापांपोटी जन्मलेल्यांच्या अडीच पट. आणि जे इथेच जन्मले पण आईवडील दोघेही बाहेर जन्मलेले, त्यांचं तीन पटीहून जास्त! वय, लिंग, उत्पन्न वगैरे जमेस धरल्यावर अडीचचं 1.8 होतं, पण एक होत नाही. हे आकडे सांगणारा माणूस वंशद्वेष्टा नसतो, आणि त्याच अहवालात हेही आहे की परदेशात जन्मलेल्या शंभरातल्या साधारण आठ जणांवर असा संशय नोंदला गेला, म्हणजे 92 जणांवर नाही. दोन्ही वाक्यं एकाच बातमीत यायला हवीत, पण मी बघतो तिथे एक गट पहिलं वाक्य छापतो आणि दुसरा दुसरं.

शब्दाचा मुद्दा असा की ती तीन पट वाली मुलं स्थलांतरित नाहीतच. ती कुठूनही आलेली नाहीत. डेन्मार्कच्या सरकारी आकडेवारीत त्यांच्यासाठी वेगळा खाना आहे, त्या डॅनिश शब्दाचं सरळ मराठी 'वंशज' होईल पण आपल्याकडे वंशज म्हणजे शिवरायांचे, पेशव्यांचे, तो इथे चालणार नाही. मी 'स्थलांतरितांची तिथेच जन्मलेली मुलं' म्हणतो. लांब आहे, इलाज नाही. 'दुसरी पिढी' पण चालेल. यात धोरणाचा प्रश्न पण बदलतो, हद्दीवर कितीही कडक केलं तरी इथल्या दवाखान्यात जन्मलेल्या पोराला त्याचा काय फरक पडतो, तिथे शाळा, वस्ती, पोलीस यांचाच विचार करावा लागतो.

अजून एक, 'घेटो', म्हणजे एकाच समाजाचे लोक एकवटलेली गरीब वस्ती. डेन्मार्क सरकारने 2010 पासून अधिकृत घेटो यादीच काढली, 2021 मध्ये तो शब्द बदलून 'समांतर समाज' केला. निकषांत 'बिगर-पाश्चात्त्य' रहिवाशांचं प्रमाण होतं, आणि त्या व्याख्येत कोपनहेगनमध्ये आयटीत असलेला आपला सांगलीचा पोरगा पण बिगर-पाश्चात्त्य. जपानी पण. ऑस्ट्रेलियन मात्र पाश्चात्त्य.

लेस्टरकर

वरच्या शेवटच्या मुद्द्यावरून आठवलं. ब्रिटनच्या बातम्यांत 'एशियन' शब्द आला की मराठीत 'आशियाई' करू नका हो. इथे एशियन म्हणजे दक्षिण आशियाई, भारत पाकिस्तान बांगलादेश, आणि अमेरिकेत तोच शब्द वाचला की लोकांच्या डोळ्यासमोर बहुतेक चिनी-कोरियन येतात. इंग्लंडातल्या रॉदरहॅम शहरातल्या प्रकरणात याचं काय झालं बघा. 2014 च्या चौकशी अहवालाप्रमाणे 1997 ते 2013 मध्ये अंदाजे 1400 मुलींचं-मुलांचं लैंगिक शोषण, आणि ज्ञात आरोपींपैकी बहुसंख्य पाकिस्तानी वंशाचे. अहवालातच आहे की वंशाचा उल्लेख केला तर आपल्यावर वंशद्वेषाचा ठपका येईल म्हणून काही अधिकारी बिचकत होते. मुलींकडे दुर्लक्ष व्हायला ते एकच कारण नव्हतं, पोलीस त्या मुलींना मुळात किंमतच देत नव्हते, पण हेही एक होतं. आणि पेपरात यायचं 'एशियन गँग', त्यावर इथल्या हिंदू-शीख संघटनांनी जाहीर आक्षेप घेतला की आम्हाला का ओढताय. 2025 च्या जूनमध्ये टोळ्यांकडून होणाऱ्या अशा शोषणाचा सरकारने देशभरचा आढावा करवून घेतला, त्यात निघालं की दोन तृतीयांश गुन्हेगारांच्या बाबतीत वंशाची नोंदच नाही. नोंदच केली नाही तर कोणाचंच म्हणणं सिद्ध होत नाही आणि खोटंही ठरत नाही, मग ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो.

साऊथपोर्टला हेच झालं. मारेकरी अल्पवयीन म्हणून नाव गुप्त, तेवढ्यात कुणीतरी उडवून दिलं की होडीतून आलेला आश्रय मागणारा आहे. दुसऱ्या दिवशी तिथल्या मशिदीवर दगड, 4 ऑगस्टला रॉदरहॅमजवळ आश्रय मागणाऱ्यांना ठेवलेल्या हॉटेलला आग लावायचा प्रयत्न, आत माणसं असताना. आम्ही त्या आठवड्यात आईला देवळात एकटी जाऊ दिलं नाही. तिला समजावून सांगताना मला स्वतःला मराठी शब्द सापडेना, ती म्हणे 'अगं पण आपण कुठे होडीतून आलोय'.

पुढच्या वर्षी मे महिन्यात लिव्हरपूलला मिरवणुकीत गाडी घुसली तेव्हा पोलिसांनी काही तासांत सांगून टाकलं की पकडलेला माणूस 53 वर्षांचा गोरा ब्रिटिश आहे. अफवा तिथेच थांबली. म्हणून माझं मत, संशयिताचं राष्ट्रीयत्व किंवा वंश लपवू नये, दरवेळी सांगावा, गोरा असला तरी. सोयीचं असेल तेव्हा सांगणं आणि नसेल तेव्हा गाळणं हे वाईट.

रांगडा कोल्हापुरी

एवढं सगळं बरोबर, पण इंग्लिश खाडीतून रबरी होडीने येणाऱ्याला घुसखोर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? परवानगी न घेता घरात आला तो घुसलाच की. 2024 मध्ये 36 हजारांवर आले. शब्द स्वच्छ मराठी आहे, लाज कशाला वाटावी.

डेस्कवाली

दादा, लाजेचा प्रश्न नाही, अर्थाचा आहे. घुसखोर म्हटलं की मराठी वाचकाला कारगिल आठवतं, लपून, हत्यार घेऊन, घात करायला आलेला. होडीतले बहुतेक जण किनाऱ्याला लागल्यावर लपत नाहीत, ते स्वतःच अधिकाऱ्यांच्या ताब्यात जातात आणि आश्रयाचा अर्ज करतात. तुमचं म्हणणं कायद्याने अगदीच चूक नाही, 2022 च्या ब्रिटिश कायद्याने परवानगीशिवाय जाणूनबुजून येऊन पोचणं हाही गुन्हा केलाय, म्हणून मी 'विनापरवाना आलेले' लिहीन. त्यात आलेले पण कळतात आणि नियम मोडला ते पण.

आणि एक विचारते. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेने 104 भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडलं, त्यात तिघे महाराष्ट्राचे होते. त्यांना तुम्ही घुसखोर म्हणाल का? तेच त्यांनी केलं होतं, सीमा ओलांडली होती. आपल्या माणसाला 'बिनकागदपत्रांचा' आणि दुसऱ्याच्याला 'घुसखोर' हे मला नाही चालवून घेता येत, एक काहीतरी ठरवा आणि दोघांना लावा.

रांगडा कोल्हापुरी

हे पटलं. विनापरवाना ठीक आहे. पण 'हद्दपार' तरी ठेवा.

वऱ्हाडी वकील

'हद्दपार'बद्दल सावध राहा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 55-56 खाली गुंडाला जिल्ह्याबाहेर काढतात त्याला सरकारी मराठीत हद्दपारी म्हणतात, बोलण्यात तडीपार. वाचकाला वाटतं सजा झाली. परदेशातून परत पाठवणं ही बऱ्याचदा सजा नसून प्रशासकीय कारवाई असते. 'मायदेशी परत पाठवलं' लिहा, आणि शिक्षा भोगून झाल्यावर गुन्ह्यासाठीच काढलं असेल तर 'गुन्ह्यावरून देशाबाहेर काढलं'.

डॅलसची मावशी

अमेरिकेचं राहिलं म्हणून लिहिते. इथे शब्दावरून राष्ट्राध्यक्षांना पण माघार घ्यावी लागते. जॉर्जियात नर्सिंग शिकणाऱ्या लेकन रायलीचा फेब्रुवारी 2024 मध्ये खून झाला, मारेकरी व्हेनेझुएलाहून विनापरवाना आलेला. मार्चच्या भाषणात बायडेन त्याला 'इल्लीगल' म्हणाले आणि दोन दिवसांत म्हणाले की तो शब्द वापरायला नको होता. मुलगी मेली त्याची चर्चा राहिली बाजूला, देश शब्दावर भांडत बसला. तिच्या आईबापांना काय वाटलं असेल. ट्रम्प यांनी जानेवारी 2025 मध्ये तिच्याच नावाच्या कायद्यावर सही केली, चोरीसारख्या गुन्ह्यात नुसती अटक झाली तरी विनापरवाना माणसाला कोठडीत ठेवायचं. बघा, 'अटक', 'दोषी' नाही. वकीलसाहेब म्हणतात तो फरक इथे थेट कायद्यात आहे.

पण स्वीडनचे आकडे इथे लावू नका. टेक्सस अटक केलेल्याचं कागदपत्र तपासून नोंद ठेवतं, त्यावर 2020 मध्ये अभ्यास आला, त्यात हिंसक गुन्ह्यांतल्या अटकेचं प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्यांचं विनापरवानावाल्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. माझ्याकडे अंगणाचं काम करायला येणारे लोक सिग्नलला पिवळा दिवा दिसला तरी थांबतात, पोलिसाने थांबवलं तर सगळंच संपेल म्हणून. 'पाश्चात्त्य देशांत स्थलांतरितांमुळे गुन्हे वाढतात' किंवा 'वाढत नाहीत' ही दोन्ही वाक्यं देशाचं नाव घातल्याशिवाय मराठीत लिहूच नयेत असं मला वाटतं.

डेस्कवाली

मावशी, हे आमच्या डेस्कला चिकटवून ठेवते. शेवटचा एक शब्द, 'रिमायग्रेशन', तो जर्मनीतून सारखा येतोय. 'पुनर्स्थलांतर' करू का?

गोथेनबर्गवासी

नको. 'पुनर्स्थलांतर' वाचून वाटतं माणूस आपणहून गावी परतला. जर्मनीत दरवर्षी सर्वात खटकणारा शब्द निवडतात, त्यात याला 2023 चा 'नकोसा शब्द' ठरवलं ते याच कारणासाठी, बळजबरीने घाऊक बाहेर काढायच्या मागणीला तो सभ्य नाव देतो, आणि काही जणांच्या मागणीत तिथले नागरिक झालेले लोक पण येतात. तसाच 'रिमायग्रेशन' ठेवा, कोण म्हणालं ते लिहा, आणि त्याच्या मागणीत नागरिक धरलेत की नाही तेवढं विचारून पुढच्या ओळीत द्या.