‘टॅग काय, नंतरही भरता येतात’ म्हणे!

सुतळी
परवा कानसेन यांनी लिहिलं, "शेकडो फाइलींचा आवाज एकसारखा करायचाय ना? लूप चालवा, एकच आज्ञा सगळ्या फाइलींवर आपोआप फिरेल, आणि मोकळे व्हा. टॅग जपायचा सोस कशाला, फाइलच्या नावावरून नंतर भरता येतात." दोन दिवस गप्प बसले. आता राहवत नाही.

टॅग म्हणजे फाइलीच्या आतच लिहून ठेवलेली माहिती: शीर्षक, कलाकार, शेरा. फाइलच्या नावात असतं काय? क्रमांक आणि फार तर शीर्षक. माझ्याकडे आजीनं सांगितलेल्या गोष्टींच्या ओपस या ध्वनिप्रकारातल्या ४१२ फाइली होत्या. प्रत्येकीच्या शेऱ्यात मी लिहून ठेवलं होतं की ही गोष्ट कुणी काय विचारलं म्हणून निघाली, कुठे तिनं एका भावाऐवजी दुसऱ्याचंच नाव घेतलं. ‘गोष्ट_०३७’ वरून हे भरून दाखवा बघू. एफएफएमपेग या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमनं सगळ्यांच्या एमपीथ्री केल्या, आवाज झकास आणि टॅग साफ. कारण मागाहून कळलं. ओपसचे टॅग आतल्या ध्वनीच्या स्ट्रीमला, म्हणजे प्रवाहाला, चिकटलेले असतात, एमपीथ्रीत मात्र अख्ख्या फाइलीचे तेवढेच उतरतात. टॅग कुठून घ्यायचे ते ठरवणाऱ्या मॅप-मेटाडेटा या पर्यायाला ‘पहिल्या स्ट्रीमवरून उचल’ एवढं सांगायचं राहिलं होतं. लूपच्या शेवटी मूळ फाइल उडवायची ओळ मीच घातली होती, तेही कबूल. जुन्या डिस्कवर निम्म्या सापडल्या. उरलेल्या ऐकू येतात, पण कशावरून निघाल्या ते विचारायला आता आजी नाही.

कानसेन
बॅकअप न घेता फाइली तुम्ही उडवल्या आणि खापर माझ्या डोक्यावर! मी गाण्यांबद्दल बोलत होतो. गाण्यांना पिकार्ड हा टॅग भरणारा प्रोग्रॅम आहे. तो आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखतो आणि अल्बम, साल, कलाकार सगळं परत आणून देतो. आजीचा ठसा त्याच्याकडे नसणार, हे मान्य.

निवांत नाना
मुळात आवाज वरखाली करायला पुन्हा एन्कोड करताच कशाला? एमपीथ्रीगेन हा प्रोग्रॅम फाइलीच्या प्रत्येक फ्रेममधला, म्हणजे छोट्या तुकड्यातला, गेनचा (आवाजाच्या पातळीचा) आकडा बदलतो, दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी. ध्वनी पुन्हा दाबला जात नाही, आणि परत फिरायची नोंद तो टॅगमध्येच ठेवतो. रिप्लेगेनमध्ये तर ध्वनीला हातही लावावा लागत नाही, आवाज किती वरखाली करायचा ते प्लेअरला सांगणारा नुसता टॅग. ही कल्पना २००१ सालची आहे हो. तुम्ही ज्याला सोस म्हणता त्याच्यातच तुमचं उत्तर पडलंय, कानसेन.

कानसेन
माझा प्लेअर रिप्लेगेन वाचत नाही. पुढे?

ढोलीतलं घुबड
टॅगांचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. देवनागरीत टॅग भरणाऱ्यांनी माझा छळ मांडलाय. भावानं अख्खा संग्रह दिला, गाडीच्या प्लेअरवर नुसते चौकोन. चाळीस चौकोनांतून हवं ते गाणं शोधा आता! रोमनमध्ये लिहिलं तर बोटं झडतात का?

काना_मात्रा
झडत नाहीत, पण ‘बाळ’ आणि ‘बाल’ दोन्ही तुम्ही एकाच स्पेलिंगनं लिहिणार. एकच गायिका माझ्या यादीत चार स्पेलिंगांनी चार जणी झाली आहे. दोष फॉन्ट नसलेल्या प्लेअरचा, शिक्षा भाषेला?

ढोलीतलं घुबड
तत्त्वज्ञान नको. आयडी३च्या, म्हणजे एमपीथ्रीत टॅग लिहायच्या पद्धतीच्या, पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला ३० बाइट. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची एक पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे दहा चिन्हं, त्यात काना-वेलांट्याही मोजा. शीर्षकाचं शेपूटच उडतं.

काना_मात्रा
मग ती आवृत्ती लिहूच नका! २.३ मध्ये यूटीएफ-१६ चालतं, २.४ मध्ये यूटीएफ-८ सुद्धा. प्रश्नचिन्हांची रांग दिसते ती कुणीतरी आळशीपणानं लॅटिन-१ मध्ये, जिथे देवनागरी बसतच नाही, लिहिल्यामुळे. माझ्या वडिलांच्या कॅसेटी मी एकटीनं उतरवल्या, दोन वर्षं, प्रत्येक टॅग देवनागरीत. तुमच्या गाडीसाठी बदलणार नाही.

ढोलीतलं घुबड
नका बदलू. मीही तुमच्याकडे मागायला येत नाही.

सुतळी
अहो, धागा माझा आहे! आवाज बदलताना टॅग कसे टिकतील, एवढंच बोला.

उनाड
एफएफएमपेग आपणहून आयडी३ची २.४ आवृत्ती लिहितो. जुना प्लेअर त्यावर अडतो, तेव्हा आवृत्ती ३, म्हणजे २.३, सांगा. (घुबडा, तुझे चौकोन नाही जाणार त्यानं.) फाइलीतलं अल्बमचं मुखपृष्ठ हा त्याच्या लेखी व्हिडिओ. ‘व्हिडिओ नको’ म्हणालात की चित्र गेलं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात मॅक्रो (ठरवलेल्या कृतींची यादी) लावून शंभर फाइली काढल्यात तर मजकूर येतो, चित्र येत नाही. आणि लाउडनॉर्म, म्हणजे एफएफएमपेगचा आवाज एकसारखा करणारा फिल्टर, फ्लॅकवर (काही न गमावता दाबलेल्या फाइलींवर) एका फेरीत चालवून सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे किती नमुने, सांगायला विसरलात, तर १९२ किलोहर्ट्झच्या अगडबंब फाइली हातात. माझी डिस्क भरली तेव्हा कळलं.

निवांत नाना
म्हणून म्हणतो, हातच लावू नका.

कानसेन
नाना, तुमचं रेकॉर्ड अडकलंय. सुतळीताई, तुमच्या समाधानासाठी काल माझ्या दहा फ्लॅक फाइलींवर आधी मेटाफ्लॅक या फ्लॅकचे टॅग हाताळणाऱ्या प्रोग्रॅमनं टॅग मजकुराच्या फाइलीत काढून ठेवले, मग लूप चालवला, मग दोन्हीकडचे टॅग ताडून पाहिले. नऊ जशाच्या तशा. दहावीत दोन कलाकार वेगवेगळ्या नोंदींत होते, ते एकाच नोंदीत चिकटून आले. तर हो, तुमचं दहा टक्के बरोबर. यापुढे आधी काढून ठेवीन. सवय म्हणून, पटलं म्हणून नव्हे.

सुतळी
दहा टक्के तर दहा टक्के. पदरात पडलं ते घेते.

काना_मात्रा
कानसेन, ती मजकुराची फाइल उघडून पाहिलीत का? मेटाफ्लॅक काढताना मजकूर मशीनच्या कॅरेक्टर सेटमध्ये बदलतो. तो यूटीएफ-८ नसेल आणि ‘रूपांतर नको’ सांगितलं नसेल, तर देवनागरी शाबूत राहत नाही.

कानसेन
माझे टॅग रोमनमध्ये आहेत.

ढोलीतलं घुबड
😄