शाळेतील शाब्दिक छळाची लेखी नोंद ठेवावी काय?

पालक, दांडिया बाजार, वडोदरा
आठवी ते दहावीच्या वर्गांत एखाद्याची रंगावरून, जाडीवरून किंवा तोतरेपणावरून रोज टर उडवली जाते, तेव्हा शाळा आणि आपण पालकही ‘मुलेच ती, चालायचेच’ म्हणून विषय मिटवतो. मला हे पटत नाही. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय पाहणीत २०१८ साली ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतील देशांत २३ टक्के मुलांनी महिन्यातून काही वेळा तरी छळ सोसावा लागत असल्याचे सांगितले. त्याच पाहणीत मुलांनी आपल्या आयुष्याला ० ते १० यांपैकी गुण दिले होते, आणि वारंवार छळ झालेल्या मुलांनी दिलेले गुण इतरांपेक्षा कमी होते. हाणामारीची तक्रार ऐकली जाते, कारण फाटलेला शर्ट दाखवता येतो. टोमण्यांची तक्रार नेणाऱ्याला मात्र ‘तू मनावर का घेतोस?’ असे उलट विचारले जाते. म्हणून शाळेने अशा तक्रारींची लेखी नोंद ठेवावी आणि दोन्ही घरी कळवावे.

निवृत्त शिक्षिका, रावपुरा
आपली कळकळ मान्य, निष्कर्ष मान्य नाही. ती पाहणी मुलांना एकदाच प्रश्न विचारते आणि तीत भारत नव्हता. आधीच उदास असलेल्या मुलाला साधी थट्टाही बोचते, आणि एकटे पडलेले मूल चिडवणाऱ्यांना सहज सापडते; तेव्हा असमाधान आधी की छळ आधी, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. शिवाय दहावीचे वर्ष, शाळा सुटताच ट्यूशन, अपुरी झोप आणि मावसभावाच्या टक्केवारीशी घरात रोज होणारी तुलना यांनी समाधान घटत नाही काय? नोंदवही आली की मुले वर्गात गप्प बसतील आणि तेच बोलणे व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर जाईल, जिथे शिक्षकाचा कान पोहोचत नाही.

शालेय समुपदेशक, अलकापुरी
थट्टा आणि छळ यांतील भेद इथे सुटतो आहे. नॉर्वेतील संशोधक ओल्वेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या होत्या: दुखवण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणे आणि दोघांच्या बळातील तफावत. मित्रांनी एकमेकांची उडवलेली खिल्ली त्यात बसत नाही. सगळा बाक मिळून एकालाच रोज लक्ष्य करतो, ते बसते.

पालक, दांडिया बाजार
बाई, तीच मुले काही काळाने पुन्हा तपासणाऱ्या अभ्यासांत संबंध दोन्ही दिशांनी आढळला आहे: छळाने उदासी वाढते आणि उदास मुलाचा छळही अधिक होतो. म्हणजे आपण वर्णन केलेल्या मुलाला तर आधाराची अधिकच गरज आहे. मोठ्या माणसाला कचेरीत असह्य झाले, तर तो नोकरी सोडू शकतो. मुलाला तीच शाळा, तोच वर्ग आणि बहुधा तोच बाक. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याचा आपण बडोदेकर अभिमान बाळगतो. मूल शाळेत आलेच पाहिजे असे म्हणणाऱ्या व्यवस्थेवर, तिथे त्याचे काय होते हे पाहण्याची जबाबदारीही येते. शिक्षणहक्क कायद्याचे कलम १७ मानसिक छळाला मनाई करतेच.

निवृत्त शिक्षिका, रावपुरा
त्या कलमाचा रोख मुख्यतः शिक्षकांच्या वागण्याकडे आहे आणि तो कायदा ६ ते १४ वयापुरता आहे. आपण ज्या नववी-दहावीविषयी बोलत आहात, ती बहुतेक मुले त्याबाहेर पडतात. तरीही समुपदेशकांनी सांगितलेला भेद पाळून, समज दिल्यानंतरही चालू राहिलेला प्रकारच नोंदवायचा असेल, तर माझा विरोध सौम्य होईल. अट एकच: पालकसभेत कोणाचेही नाव वाचले जाऊ नये. आपल्याकडे दोन्ही मुलांचे आईवडील त्याच गणेशोत्सवाच्या मांडवात भेटतात, आणि शाळेने लावलेला शिक्का तिथे वर्षानुवर्षे पुसला जात नाही.

पालक, दांडिया बाजार
नावे गुप्त ठेवण्यास हरकत नाही. मात्र ‘समज दिली’ याचीही तारीख लिहिली जावी, नाहीतर प्रत्येक वेळची समज पहिलीच ठरेल.