फोर्टमधली वडिलोपार्जित इमारत: विकावी की भाड्यानं द्यावी?

बोराबाजारकर:
मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात आमची तीन मजली इमारत आहे. खाली दगडी कमानी, वर लाकडी सज्जे, आणि जिना असा की पाहुण्यांना आधी सांगावं लागतं, तिसरी पायरी सोडून पाय टाका. तळमजल्यावर तीन दुकानं आहेत. त्यातलं एक आणि वरचा पूर्ण दुसरा मजला गेल्या दिवाळीपासून रिकामा आहे. बाकी सगळे पागडीवाले, म्हणजे कधीकाळी एकरकमी पागडी देऊन नाममात्र भाड्यावर पिढ्यान् पिढ्या राहणारे भाडेकरू. महिन्याचं भाडं जमा होतं त्यात जिन्यातला दिवा बदलता येतो, भिंतीला रंग नाही. हेरिटेज (जतन करायच्या वास्तूंच्या) यादीत ग्रेड तीन, म्हणजे सगळ्यात खालची श्रेणी. वाटेकरी आम्ही पाच. काकांचं म्हणणं, इमारत आहे तशी विका. मी म्हणतो रिकामा भाग भाड्यानं द्या आणि त्या पैशात छप्पर करा. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो तीन थेट कफ परेडपर्यंत धावतेय, सीएसएमटीचं स्टेशन आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर. आता विकणं म्हणजे पीक तयार झाल्यावर शेत विकणं. तुमचं मत सांगा. फक्त "भावना बाजूला ठेवा" एवढं सोडून.

रोखठोक:
काका बरोबर आहेत. काळा घोड्याजवळचं एस्प्लनेड मॅन्शन बघून या, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजानं आणलेला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती तिथंच. आणि पुढे? २००५ साली एक भाग कोसळला, २०१९ ला कोर्टाच्या आदेशानं रिकामं करावं लागलं. तेवढ्या इतिहासाची ती गत झाली, तुमच्या तिसऱ्या पायरीला कोण विचारतो! ज्याच्या खिशात दुरुस्तीचा पैसा आहे त्याच्याच हाती इमारत जावी.

लाकडीजिना:
असहमत. वॉटसनचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. भाड्यानं दिलं म्हणून ते खचलं का? आत वकिलांची दाटीवाटीनं भरलेली ऑफिसं, भाडं पिढ्यान् पिढ्या गोठलेलं, आणि दुरुस्ती कुणी करायची यावर वर्षानुवर्षं हुज्जत. रोग गोठलेल्या भाड्याचा आहे, भाड्यानं देण्याचा नाही. बोराबाजारकरांकडे एक अख्खा मजला मोकळा आहे, फोर्टात हे नशीब किती मालकांचं असतं?

फुकटचा_पंच:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पाच वाटेकरी म्हणजे किमान पाच मतं, सुना-जावई वेगळे.

कोर्टाचीपायरी:
दोन्ही बाजू एक गोष्ट विसरताहेत. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यात मालकाला वर्षाला चार टक्के वाढ घेता येते, पण मूळ भाडंच चिल्लर असेल तर त्याचे चार टक्के काढून काय करणार? मात्र बँका, सरकारी कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा-भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेला पैसा) असलेल्या कंपन्यांना या कायद्याचं संरक्षण नाही. रिकामा मजला अशांनाच द्या, करार नोंदवून घ्या, मुदत आणि दरवाढ स्पष्ट लिहा. ओळखीतला म्हणून तोंडी व्यवहारावर दुकान दिलंत तर नातवंडं कोर्टात भेटतील.
आणि काकांनाही सांगा: विकली तरी पागडीवाले इमारतीबरोबरच जातात. घेणारा ते धरूनच भाव बोलतो, म्हणजे पाडूनच मागतो.

रोखठोक:
@कोर्टाचीपायरी, कायदा मान्य. पण एक कोटीवाली कंपनी मोडक्या जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर चढणार? तिला लिफ्ट हवी, वायरिंग हवं, अग्निशमन हवं. ते भाडं सुरू व्हायच्या आधी करावं लागतं, म्हणजे पैसा पाच वाटेकऱ्यांच्याच खिशातून. आमच्या घरी हेच झालं (इमारत गिरगावातली, फोर्टातली नाही). दुरुस्तीची वर्गणी काढायची ठरली आणि दोन सख्खे भाऊ अकरा वर्षं बोलले नाहीत. शेवटी विकली ती पडत्या भावात. त्यापेक्षा आधीच विकली असती तर निदान दिवाळीचा फराळ एकत्र झाला असता.

लाकडीजिना:
वाईट वाटलं वाचून, खरंच. पण सगळंच मालकानं करायचं असं कुठंय? सुरुवातीचे काही महिने भाडेमाफी आणि आतलं काम भाडेकरूचं, असे करार होतातच. काळा घोड्याकडे कॅफे आणि कपड्यांची दुकानं जुन्या भिंती मुद्दाम उघड्या ठेवतात, त्यांना जुनेपणाचेच पैसे मोजायचे असतात. शिवाय ग्रेड तीनला आतल्या बदलांसाठी ग्रेड एकइतका जाच नसतो.

रोखठोक:
काळा घोडा आणि बोरा बाजार यांत फरक आहे हो. तुमच्या कॅफेसमोर हातगाडीवाला कागदाचे रिम उतरवत असतो, हे भाडेकरूला आधी सांगा.

कमानीखालून:
मुद्दा हातगाडीचा निघालाच आहे तर: फोर्टातल्याच डी. एन. (दादाभाई नौरोजी) रोडवर दुकानदारांना सोबत घेऊनच पाट्या आवरल्या, कमानी मोकळ्या केल्या, आणि २००४ साली त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. धंदा कुणाचा बंद पडला नाही. माझं मत भाड्यानं द्या, पण पहिल्या वर्षाचं भाडं वाटून खाऊ नका. गळकं छप्पर पाचही जणांच्या डोक्यावर आहे.

बोराबाजारकर:
सगळ्यांचे आभार. काल पाचही जण बसलो. मत ३-२, पण तीन कुठल्या बाजूला ते चहा होईपर्यंत दोनदा बदललं. आत्या म्हणाली, तोवर पाटी तरी लावा. म्हणून आज रंगाऱ्याकडून करून आणली: "विकणे / भाड्याने देणे आहे". उद्या कमानीवर ठोकतो.

कमानीखालून:
ठोकू नका!! दगडात खिळा गेला की पावसाचं पाणी आत शिरतं. सज्ज्याच्या कठड्याला सुतळीनं बांधा.