पेटी : काळी एक घेतली की गंधारावर धक्का बसतो, बोटं कशी टाकावी?

उजवा_हात (तिवसा तालुका)
मंडळाची पेटी साडेतीन सप्तकांची, कपलरवाली (एक पट्टी दाबली की सप्तकाच्या अंतरावरची दुसरीही ओढली जाते). गाणारे काळी एक पट्टीत गातात, म्हणजे सा सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर. पांढरी एकवरून (पहिली पांढरी) बिलावलचे, म्हणजे सगळ्या शुद्ध सुरांचे पलटे ८० च्या लयीत (मिनिटाला ८० मात्रा) दुगुणीने साफ जातात, पण सा काळी एकवर आणला की ग ला दरवेळी अडखळतो. चौथं बोट दुबळं आहे आणि वीस मिनिटांत मनगट भरून येतं. मोझरीच्या तुकडोजी महाराज पुण्यतिथी महोत्सवापर्यंत हात बसवायचा आहे. रोज काय घासावं?

पलटेबाज
पांढरी एकची बोटं काळी एकवर तशीच टाकून राहिले असाल भाऊ. तिथंच गोची आहे.

अंगठा १, करंगळी ५ असे आकडे धरा. पांढरी एकवर सा रे ग म प ध नी सां म्हणजे १ २ ३ १ २ ३ ४ ५. काळी एकवर मात्र २ ३ १ २ ३ ४ १ २. म्हणजे अंगठा फक्त ग (पांढरी चार) आणि नी (वरची पांढरी एक) या दोन पांढऱ्यांवर येतो, बाकी सगळ्या काळ्या लांब बोटांना. अंगठा आखूड. तो काळीवर टाकला की अख्खा हात आत सरकतो, मनगट वाकतं आणि पुढचा सूर उशिरा लागतो.

धक्का बसतो कारण अंगठा रे वाजून झाल्यावर निघतो. सा दाबला त्याच क्षणी तो तळहाताखालून सरकायला लागला पाहिजे. रे सुरू असताना तो पांढरी चारवर टेकून तयार हवा, दाबलेला नाही. कोपर बाहेर उडत असेल तर समजा अंगठा मागे राहिला. फक्त रे ग म ग (३ १ २ १) घ्या, ४० च्या लयीत, मात्रेला एक सूर, २० वेळा. मग नी साठी ध नी सां नी (४ १ २ १). हे दोन सांधे बसले की सप्तक आपोआप जोडलं जातं. लय ४-४ ने वाढवा. सलग दोनदा चुकलं तर ८ ने खाली या, लाज बाळगू नका.

झाडीचा_ऑर्गन (वडसा)
वरचं बरोबर, पण एक भर घालतो. सा ला दुसरं बोट ही काही दगडावरची रेघ नाही. भजनाच्या शेवटी भैरवी येतेच, तेव्हा काळी एकवरून रे ग ध नी चारही कोमल होऊन पांढऱ्यांवर उतरतात आणि बोटं होतात ३ १ २ ३ ४ १ २ ३. रागाची बोटं आधी ठरवा, मग पलटा. आज एक, उद्या दुसरं असं केलं तर हात कधीच पाठ होत नाही.

चौथ्या बोटासाठी भाता बंद ठेवून मुका रियाज करा. पांढरी एक ते पाचवर पाचही बोटं दाबून धरा, फक्त चौथं उचला, १० वेळा. अर्धा इंच उचललं तरी पुष्कळ. तिसऱ्या-पाचव्याशी त्याच्या शिरा जोडलेल्या असतात, ते जास्त उठणारच नाही. ओढू नका, दुखलं की थांबा. नंतर भाता घेऊन म प ध प (२ ३ ४ ३). काळी एक पट्टीत हे तिन्ही सूर शेजारशेजारच्या काळ्यांवर येतात, चौथ्याला चांगलं काम मिळते.

उजवा_हात
अंगठ्याचं पटलं, रे ग म ग लगेच सुधारलं. पण मनगट अजून भरते. जोराचं गाणं आलं की जास्तच.

पलटेबाज
जोर बोटात काहून लावता? पेटीची पट्टी फक्त खालची झडप उघडते. ती उघडली की काम झालं, वरून कितीही दाबा, आवाज वाढत नाही. आवाज भात्यात आहे. रियाजाला कपलर बंद ठेवा, तो चालू असला की एका बोटानं दोन पट्ट्या ओढल्या जातात.

पेटी कुठं ठेवता तेही पाहा. जमिनीवर बसून कोपर पट्ट्यांच्या खाली राहत असेल तर मनगट वर मोडतं. सतरंजीच्या दोन-तीन घड्या बुडाखाली घ्या, कोपर पट्टीच्या रेषेत आणा.

झाडीचा_ऑर्गन
आणि डावा हात तपासा. उजवा दुगुणीला गेला की डावाही धपाधप चालतो, मग सूर हिंदकळतो आणि माणूस बोटं आणखी दाबतो. पायपेटीवर हा ताप नाही, दोन्ही हात मोकळे. हातपेटीवर एकच सा धरून कहरव्याच्या ८ मात्रांत भात्याचा एकच संथ दाब संपवा. सूर न थरथरता राहिला तरच वर पलटा सुरू करा.

एवढं करूनही एखादी पट्टी जडच लागत असेल तर बोटाचा दोष नाही. पावसात लाकूड फुगून पट्टी अडकते. म्हणून सुकवायला पेटी उन्हात ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात सांधे उकलतात. कोरड्या खोलीत, खोक्यात, कापडाखाली ठेवा. तरीही अडकली तर पेटी दुरुस्तीवाल्याला दाखवा, घरी कानस लावू नका.