मदत हवी आहे: कवडीचा क्लोज-अप काही केल्या जमत नाही

राजेहो, नागपुरात बसून समुद्राचे फोटो काढतोय, हसू नका. दिवाळीत गुहागरला गेलो होतो, तिथून मूठभर रिकामे शिंपले, दोन कवड्या आणि नखाएवढा एक शंख आणला. आता रोज रात्री जेवणाच्या टेबलावर तेवढाच उद्योग.

५० मिमी लेन्सला ६८ मिमीच्या एक्सटेन्शन ट्यूब (जवळून फोटो काढायला लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या) लावल्यात. शंख फ्रेम भरून दिसतो, पण एफ ८ वर (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान) फोकसमध्ये मिलिमीटरभरही येत नाही. टोक धरलं की तोंड धूसर. एफ २२ केलं तर डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून प्रकाश पसरतो) सगळंच मऊ. म्हणजे फोकस स्टॅकिंगच (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं) करावं लागणार. लेन्सची रिंग फिरवत २०-२५ फोटो घेतले, पण जोडल्यावर कडांना भुतं (दुहेरी पुसट सावल्या) दिसतात. फोकसिंग रेल (कॅमेरा थोडा थोडा पुढे-मागे सरकवायची पट्टी) घेतली तर फरक पडेल, की चूक माझीच? (कूलर चालू असला की टेबल थरथरतं, हे परवा कळलं. आता बंद करून घामाघूम होऊन काढतो.)

दुसरी अडचण कवडीची. इतकी गुळगुळीत, की दिव्याचा पांढरा ठिपका हटत नाही. बटर पेपर आडवा धरला, ठिपका पसरट झाला, बस. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) उपयोगी पडेल का? शिंपला ओला केला तर रंग छान खुलतात, पण चमक वाढते.

सीताबर्डीत साधी फोकसिंग रेल कुठे मिळेल, तेही सांगा. महागडी मॅक्रो लेन्स सुचवू नका, घरी आधीच बोलणी खातोय.