एचआरसाठी औद्योगिक मानसशास्त्राची एम.ए. खरंच वाया जाते का?

मनमापन

परवा एका सदस्यांनी लिहिलं, "एचआरमध्ये शिरायचं तर औद्योगिक मानसशास्त्रात एम.ए. करणं म्हणजे दोन वर्षं पाण्यात. माणूस ओळखायला पुस्तक लागत नाही, नजर लागते. एमबीए करा आणि मोकळे व्हा." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हीच एम.ए. केली आहे आणि भरतीचंच काम करते, त्यामुळे गप्प बसवलं नाही.

या नजरेचा हिशोब केव्हाच मांडून झालाय. निवडीच्या वेळी बांधलेला अंदाज पुढे प्रत्यक्ष कामाशी कितपत जुळतो, हे १९९८ साली श्मिट आणि हंटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं. सगळ्यांना तेच प्रश्न आणि उत्तरांना आधीच ठरवलेले गुण, अशा मुलाखतीचा सहसंबंध ०.५१ निघाला (० म्हणजे काहीच जुळत नाही, १ म्हणजे तंतोतंत जुळतं). मनाला येईल ते विचारण्याचा ०.३८. हस्ताक्षरावरून स्वभाव सांगण्याचा ०.०२. पुढे २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुन्या आकडेमोडीतला फुगवटा काढला, तेव्हा ठरीव मुलाखत ०.४२ वर सगळ्यात वर राहिली आणि गप्पांची मुलाखत ०.१९ वर घसरली.

ही नजर काम कशी करते ते मी पॅनेलवर बसून बघते. क्वालिटीतल्या जागेसाठी एक मुलगी आली होती. साहेबांनी तिचा बायोडाटा पालथा घातला. "मूळ गाव कुठलं? वडील काय करतात? लग्न ठरलंय का?" कंट्रोल चार्टवर, म्हणजे मालाच्या दर्जावर नजर ठेवायच्या आलेखावर, एकही प्रश्न नाही. ती बाहेर पडल्यावर म्हणाले, "ही टिकणार नाही." कशावरून? "अनुभव आहे माझा." जागा साहेबांच्या तालुक्यातल्या मुलाला मिळाली.

चाकणफाटा

ताई, तुमचा एचआर म्हणजे एसीतली भरती. आमचा गेटवर सुरू होतो. मी जुना एमपीएम (कर्मचारी व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी), प्लँट एचआर.

गेल्या पावसाळ्यात फर्स्ट शिफ्टच्या जेवणात पोळ्या कच्च्या निघाल्या. पोरांनी ताटं तशीच ठेवली, सेकंड शिफ्टही जेवली नाही. दुसऱ्या दिवशी काळ्या फिती. तिथे माणसाच्या गरजांच्या पायऱ्या दाखवणारा मॅस्लोचा त्रिकोण काढून दाखवू? कमिटीच्या पोरांबरोबर भटारखान्यात उभा राहिलो, तवा बघितला, कॅन्टीनवाल्याला त्यांच्यासमोर बोललो. दुपारी लाइन चालू झाली. करार बसवायचा तर जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातली कराराची कलमं, २(पी) आणि १८(१), कळावी लागायची, चौकशी लावायची तर चार्जशीट, म्हणजे कामगारावरचं आरोपपत्र, लिहिता यावी लागते. एम.ए.च्या किती मुलांना चार्जशीट लिहिता येते? आमच्याकडे आलेला एक मुलगा कामगारांना सर्व्हेचा फॉर्म वाटत होता. कामगारांनी त्या फॉर्मचे पंखे केले.

मनमापन

'ताई' म्हणून डोक्यावर हात ठेवू नका. मॅस्लोचा त्रिकोण एमबीएच्याच पुस्तकात जास्त सापडतो. आमच्याकडून दोन वर्षं चाचणीची विश्वसनीयता (परत घेतली तरी तोच निकाल येतो का), सप्रमाणता (जे मोजायचं तेच मोजते का) आणि कार्यविश्लेषण (कामात नेमकं काय लागतं) घोटून घेतात. कंपन्या ट्रेनिंगमध्ये जी चार अक्षरांची मायर्स-ब्रिग्ज व्यक्तिमत्त्व चाचणी वाटतात, तिच्यावर निवड करू नये हे आम्हीच सांगतो आणि आमचं कुणी ऐकत नाही. ती चाचणी बनवणाऱ्या मायलेकींपैकी एकीचंही मानसशास्त्राचं शिक्षण नव्हतं.

कामगारपुत्र

तुमचं दोघांचं चालू द्या. एक म्हणतो मी पोळ्या बघितल्या, दुसरी म्हणते मी माणसं मोजते. ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यातले निम्मे तुमच्या हजेरीपटावरच नाहीत, ठेकेदाराच्या आहेत. माझा धाकटा भाऊ त्यातला. २४० दिवस भरले की कायद्याचं संरक्षण लागतं, ते भरू द्यायचे नाहीत म्हणून सातव्या महिन्यात ब्रेक. मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर नवा गेटपास, नव्या रंगाचा शर्ट आणि तेच प्रेस मशीन. शेजारच्या पर्मनंटच्या निम्म्याहून कमी पगार. ही ब्रेकची यादी बनवतं कोण? एमबीएवाला असो की एम.ए.वाली, एचआरच बनवतं ना?

चाकणफाटा

यादी एचआर टाइप करतं, ठरवत नाही. गाड्यांचं शेड्यूल कमी आलं की डोकी कमी करा असा वरून मेल येतो. आम्ही पगारी नोकर आहोत. आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. मुदतबंद, म्हणजे ठरावीक मुदतीची, नोकरी कायदेशीर आहे, एका वर्षात ग्रॅच्युइटीही आहे. पूर्वीपेक्षा बरंच झालं.

कामगारपुत्र

वर्षाला ग्रॅच्युइटी, म्हणून अकराव्या महिन्यात ब्रेक. बघालच. आणि कायदा मला शिकवू नका. आपल्याच राज्याचा १९७१ चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित प्रथा प्रतिबंधाचा कायदा आहे. अनुसूची ४, बाब ६. कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरतं ठेवणं ही अनुचित प्रथा आहे. एमपीएमला शिकवली होती ना? मग टाइप करताना हात कसा चालतो?

चाकणफाटा

माझ्या हातावर जायचं काम नाही. मी टाइप केली नाही तर दुसरा करेल आणि माझ्या घरचा हप्ता तुम्ही भरणार नाही. त्याच नोकरीत राहून मी ठेकेदारांकडून पीएफच्या चलनाची प्रत घेतल्याशिवाय बिल पास होऊ देत नाही. तेही कुणीतरी करायला लागतं.

मनमापन

विषय भरकटला, पण कामगारपुत्र, तुमचा प्रश्न आमच्या अभ्यासाबाहेरचा नाही. कामाची रचना आणि माणूस यांचा संबंध हाच आमचा विषय. १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संशोधन संस्थेचे ए. के. राइस आले. स्वयंचलित माग आले होते, तरी उत्पादन वाढत नव्हतं. एकेका कामाला एकेक माणूस बांधलेला होता, कोण कुणाबरोबर काम करतो याला काही आकार नव्हता. त्यांनी मागांचे गट केले आणि प्रत्येक गटाकडे लहान तुकडी दिली. तुकड्यांची बांधणी कामगारांनी स्वतःच पुढे येऊन केली. उत्पादन वाढलं, खराब माल घटला. नवं मशीन न आणता.

कामगारपुत्र

उत्पादन वाढलं. म्हणजे फायदा कुणाचा ते तुम्हीच सांगितलंत. अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यातल्या प्रयोगाचंही पुस्तकात गोड करून सांगतात, की लक्ष दिलं म्हणून बायका जास्त काम करायला लागल्या. त्या प्रयोगाच्या खोलीतल्या पाच जणींपैकी दोघींना १९२८ मध्ये फार बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून काढून दुसऱ्या दोघी बसवल्या. तेही शिकवतात का?

मनमापन

शिकवतात. आमच्या बाईंनी पहिल्याच तासाला हे सांगितलं होतं. पण अशा बाई सगळीकडे नसतात, तेवढं मान्य.

एक पालक

मी हा धागा वेगळ्या आशेने उघडला होता. मुलगी बी.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. विद्यापीठात एम.ए.ची फी आम्हाला झेपते, एमबीएसाठी कर्ज काढावं लागेल. टिस, एक्सएलआरआय या एचआरसाठी नावाजलेल्या संस्थांची गोष्ट वेगळी, तिथे नंबर लागला तर कर्ज काढूच. नाही लागला तर काय करावं?

चाकणफाटा

दादा, तुम्हाला खरं सांगतो. जाहिरातीत एमबीए, एमएसडब्ल्यू (समाजकार्य), एमएलएस (कामगार अभ्यास) लिहिलेलं असतं आणि पोर्टलवर एम.ए. मानसशास्त्र हा पर्यायच नसतो. अर्ज माणसापर्यंत पोचत नाही. हे चुकीचं आहे, पण आहे. वेल्फेअर ऑफिसरला कामगार कल्याणाची शासनमान्य पदवी किंवा पदविका लागते. कारखाने अधिनियमात ५०० कामगार असले की हे पद होतं, नव्या संहितेत २५० वरच लागतं, म्हणजे जागा वाढतील. मुलीला एम.ए. करू द्या, जोडीला डीएलएल अँड एलडब्ल्यू, म्हणजे कामगार कायदे आणि कामगार कल्याणाची पदविका, करायला लावा.

मनमापन यांच्या ठरीव प्रश्नांबद्दलही एक सांगतो. ऑपरेटर भरतीत मी मुलाखत घेतच नाही. व्हर्निअर (माप घ्यायचं साधन) आणि एक जॉब, म्हणजे मशीनवरचा सुटा भाग, हातात देतो, मोजून लिही म्हणतो. सगळ्यांना तोच जॉब. पुस्तक न वाचता जमलंय.

मनमापन

त्याला कार्यनमुना चाचणी म्हणतात. श्मिट-हंटरच्या तक्त्यात ती ०.५४ वर आहे, ठरीव मुलाखतीच्याही वर. म्हणजे तुम्ही पुस्तकातलंच करताय. मग हेच सुपरवायझर निवडताना का करत नाही? तिथे परत नजरच ना?

चाकणफाटा

सुपरवायझर प्लँट हेड निवडतात.

कामगारपुत्र

परत "वरून" आलं. पालक, मुलीला दोन्ही शिकवा. पण एक उन्हाळा ठेकेदाराच्या माणसांबरोबर लाइनवर उभी करा, ऑफिसातली इंटर्नशिप नको. माझ्या भावाच्या शिफ्टला यायचं असेल तर मी बोलतो. फक्त ऑक्टोबरच्या आत कळवा, नंतर त्याचा ब्रेक आहे.