वाचायचे पैसे मागणारा एजंट

हस्तलिखित वाचायला एजंट (लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणारा मध्यस्थ) पंचवीस हजार मागतोय, देऊ का, असं एका लेखकाने विचारलंय. मुळीच देऊ नका. एजंटाची कमाई पुस्तक विकल्यावर होते: देशातल्या करारावर साधारण १५ टक्के, परदेशी हक्कांवर बहुधा २०.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. सयाजीरावांच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत लिहितोय (१९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना आणलं, पुढे गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरल्या, ती हकिकत). मी शहाण्यासारखं आधी अख्खं पुस्तक लिहून काढलं. साडेतीन वर्षं! मग कळलं की अशा माहितीपर पुस्तकाला एजंट सहसा पूर्ण हस्तलिखित मागत नाही. आत्मकथन असेल तर गोष्ट वेगळी. एरवी एजंटाला हवा असतो प्रस्ताव: विषय काय, आत्ताच का, याच विषयावर आधी काय आलंय, लिहिणारे तुम्हीच का, प्रकरणवार आराखडा आणि एक-दोन नमुना प्रकरणं. माझं घोडं अडलं ते 'वाचणार कोण?' या मुद्द्यावर. मी लिहिलं होतं, 'सगळे बडोदेकर'. एका एजंट बाईंनी त्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह काढून परत धाडलं.

एजंटाशी करायच्या करारात एक बघा. पैसे बहुधा एजंटामार्फत येतात आणि तुमचं-त्याचं फाटलं तरी त्याने विकलेल्या पुस्तकातला वाटा त्याला जातच राहतो. वेगळं व्हायची नोटीस किती दिवसांची, ते आधी वाचा.

मराठीत लिहिणार असाल तर एजंटाच्या भानगडीत पडूच नका, थेट प्रकाशकाला पत्र टाका.